दहा बाय दहाच्या खोलीत ध्रुवप्रदेश : बाळाची खोली सजवण्याचे पायरीपायरीने मार्गदर्शन

माझ्या धाकट्या बहिणीच्या पुण्यातील घरी बाळासाठी खोली तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तिची मागणी एवढीच होती की खोलीत बर्फ असावा आणि पेंग्विन असावेत. मी उत्साहाने चारही भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या, त्यावर अगदी फिकट निळ्या रंगात एक ध्रुवीय अस्वल काढले, पांढरे पडदे लावले आणि पांढरा लोकरी गालिचा अंथरला. बाळ आमच्याकडून अडीच महिन्यांचे होऊन त्या खोलीत गेले आणि पुढचे कित्येक दिवस अस्वलाकडे ढुंकूनही न पाहता खिडकीच्या काळ्या गजांकडे आणि छताच्या पंख्याकडे एकटक पाहत राहिले. गालिचा पहिल्याच पावसाळ्यात कुबट झाला. त्या खोलीची दुसऱ्यांदा सजावट करताना आणि नंतर नात्यातल्या आणखी काही घरांतून हेच काम करताना जे हाती लागले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

बाळाचे पाहणे समजून घेतले की पुढची बरीच कामे सोपी होतात. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचे सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणजे अंगावर पिणाऱ्या बाळापासून आईचा चेहरा जितका दूर असतो तितकेच. त्यापलीकडचे धूसर असते आणि त्या धूसरपणात नजर धरून ठेवते ती उजेड-अंधाराची ठळक सीमा. फिकट रंगांतले बारीक फरक ओळखण्याची क्षमता पुढच्या काही महिन्यांत हळूहळू येते. पांढऱ्या भिंतीवरचे फिकट निळे अस्वल हे बाळासाठी जवळजवळ कोरी भिंतच होते. ध्रुवप्रदेशाची कल्पना मात्र या दृष्टीने फार सोयीची आहे, कारण पेंग्विन आणि ओर्का (देवमाशासारखा मोठा समुद्री प्राणी) हे दोन्ही प्राणी निसर्गानेच काळे-पांढरे रंगवलेले आहेत. तेव्हा खोलीत बर्फ कमी आणि बर्फावरचे काळे अधिक, असे पहिल्यापासून ठरवावे.

पहिले काम : वेळ ठरवणे

आपल्याकडे पहिले बाळंतपण पुष्कळदा माहेरी होते आणि बाळ दीड, तीन किंवा कधी पाच महिन्यांनी आपल्या घरी येते. शिवाय बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही आणू नये, असे मानणारी वडीलधारी माणसे अनेक घरांत असतात. या दोन्ही गोष्टी अडचणीच्या वाटल्या तरी रंगकामासाठी त्या सोयीच्या आहेत. भिंतींची दुरुस्ती आणि रंग बाळंतपणाच्या आधी, पण गर्भवतीला त्या खोलीपासून दूर ठेवून उरकावेत किंवा ती माहेरी गेल्यावर करावेत. बाळाच्या वस्तू, चित्रे आणि टांगण्याच्या गोष्टी बारशानंतर आणाव्यात. रंगकाम आणि बाळाचा प्रवेश यांत निदान तीन-चार आठवड्यांचे अंतर असावे आणि त्या काळात खिडक्या रोज उघड्या ठेवाव्यात. डब्यावर व्हीओसी, म्हणजे रंगातून हवेत उडणारी रसायने, कमी असल्याचे लिहिलेले असले तरी वास पूर्ण जाईपर्यंत थांबणे बरे.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोवा येथे जून ते सप्टेंबर या काळात रंगकाम काढू नये. भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून ओल धरून असते. मग दिवाळीपर्यंत भिंतीवर काढलेल्या हिमनगावर पोपडे येतात आणि कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात. ओल बाहेरच्या भिंतीतून किंवा शेजारच्या न्हाणीघरातून येत असेल, तर आधी ती थांबवावी. बुरशीवर नुसता रंग मारणे म्हणजे दुखणे झाकणे होय, आणि ती हवा बाळाच्या श्वासाला चांगली नाही.

शिशाबद्दल एक सूचना. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू आहे. म्हणजे नव्या डब्यावर तसा उल्लेख पाहून घेता येतो. खरा प्रश्न जुन्या इमारतीतल्या खिडक्या-दारांवरच्या ऑइलपेंटच्या थरांचा असतो. ते थर कोरडे घासू नयेत. पाणी मारून ओल्या पॉलिशपेपरने घासावेत, खाली प्लॅस्टिक अंथरावे आणि निघालेला चुरा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने गोळा करावा.

दुसरे काम : कोणता ध्रुव ते ठरवणे

बाजारात मिळणाऱ्या स्टिकरांच्या पत्र्यांवर अस्वल आणि पेंग्विन एकाच हिमखंडावर शेजारी बसलेले असतात. प्रत्यक्षात ध्रुवीय अस्वले फक्त उत्तरेकडे, आर्क्टिक प्रदेशात राहतात आणि तिथे पेंग्विन नसतात; अंटार्क्टिकावर पेंग्विन आहेत, अस्वल नाही. बाळाला यातले काही कळणार नाही हे खरे, पण तेच बाळ चार वर्षांचे झाल्यावर त्याच भिंतीकडे बोट दाखवून प्रश्न विचारणार असते. शिवाय एक ध्रुव निवडला की खरेदीला आपोआप लगाम बसतो, आणि नवख्या माणसाला त्याचीच सर्वांत जास्त गरज असते.

उत्तर ध्रुव निवडल्यास ध्रुवीय अस्वल, आर्क्टिक कोल्हा, वॉलरस, रेनडिअर, एकच लांब दात शिंगासारखा पुढे आलेला नारव्हाल आणि हिमघुबड हे सारे तुमचे आहेत. दक्षिण ध्रुव निवडल्यास पेंग्विन, सील आणि हिमनग. ओर्का दोन्हीकडच्या समुद्रात असतो, म्हणून तो कुठेही चालतो. इग्लू म्हणजे बर्फाचे घर बांधणारे इनुइट लोक आर्क्टिकमधले. त्यामुळे इग्लूत बसलेला पेंग्विन टाळावा, आणि त्या लोकांना हास्यास्पद बाहुल्यांच्या रूपात मांडणेही टाळावे.

पेंग्विनातही निवड आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत पाहिलेले पेंग्विन डोळ्यांसमोर ठेवून चित्र काढू नये, कारण ते हम्बोल्ट जातीचे आहेत आणि त्यांचे मूळ घर पेरू आणि चिली या देशांचा किनारा आहे, बर्फ नव्हे. अंटार्क्टिकासाठी ॲडेली पेंग्विन निवडावा. त्याचे डोके आणि पाठ काळी, पोट पांढरे आणि डोळ्याभोवती पांढरे कडे असते. म्हणजे दोन रंगांत काम होते आणि बाळाची नजर नेमकी त्या कड्यावर जाऊन बसते. एम्परर पेंग्विन अधिक राजबिंडा असला तरी त्याच्या मानेवरचा पिवळा-केशरी रंग नीट विरत गेला नाही, तर हळद सांडल्यासारखी दिसते.

दोन्ही ध्रुव हवेच असतील तर एक युक्ती सांगतो. होकायंत्राने, आणि तो आता प्रत्येक मोबाइलमध्ये असतो, खोलीची दिशा पाहावी. उत्तरेच्या भिंतीवर आर्क्टिक आणि दक्षिणेच्या भिंतीवर अंटार्क्टिका काढावे. मधल्या रिकाम्या जागेत एकच प्राणी ठेवता येतो : आर्क्टिक सुरय हा लहानसा पक्षी, जो उत्तरेकडे वीण करतो आणि तिकडे हिवाळा लागताच थेट अंटार्क्टिकाच्या समुद्रापर्यंत उडत जाऊन पुढच्या वर्षी परततो. दोन भिंतींना जोडणारा दुवा म्हणून याहून योग्य पक्षी सापडणार नाही.

आपल्याकडच्या माणसांनाही या चित्रात जागा आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये तिथे पोहोचली. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आजही गोव्यात वास्को येथे आहे. अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ हे केंद्र १९८९ पासून आणि ‘भारती’ हे २०१२ पासून काम करते, तर उत्तरेकडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील न्यु-ऑलेसुंड येथे २००८ पासून ‘हिमाद्री’ आहे. भिंतीच्या कडेला एक छोटे जहाज काढून त्यावर ‘गोवा’ असे लिहिले, तर खोली स्टिकरांच्या पत्र्यापेक्षा निराळी होते. बर्फात दुरूनही दिसावीत म्हणून अशी पुष्कळ जहाजे लाल वा केशरी रंगवलेली असतात, आणि तो रंग पुढे आपल्याला हवाच आहे.

तिसरे काम : रंग निवडणे

शुद्ध पांढरा रंग भिंतीला देऊ नये. ट्यूबलाइटखाली तो दवाखान्यासारखा दिसतो आणि तेलमालिश झालेल्या बाळाचा हात एकदा लागला की डाग वर्षभर टिकतो. शेडकार्डावर किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा निवडावा. गंमत म्हणजे ध्रुवीय अस्वलही शुभ्र नसून असेच सायीच्या रंगाचे दिसते. त्याला जोड म्हणून बर्फाचा निळा. बर्फाचा जाड थर प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो, म्हणून तो आतून निळा दिसतो. ही निळाई थोडी हिरवट असते, कृष्णाच्या मूर्तीसारखी गर्द नसते. तिसरा रंग गडद, जवळजवळ काळ्याकडे झुकणारा निळा, जो ध्रुवीय रात्रीचा आणि खोल पाण्याचा आहे. चौथा उबदार असावा, केशरी किंवा लाल, पण तो खोलीत तीन-चार ठिकाणीच दिसावा : जहाज, एखादी उशी, दिव्याची शेड.

रंग कधीही दुकानातल्या उजेडात ठरवू नये. प्रत्येक रंगाचा सर्वांत लहान डबा आणून भिंतीवर फूटभर चौकोन रंगवावा आणि तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहावा. उत्तरेकडची खिडकी असलेल्या खोलीत वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही आणि तिथे राखाडीकडे झुकणारा निळा मरगळलेला दिसतो. अशा खोलीत निळ्याचे प्रमाण कमी करून सायीचा रंग वाढवावा. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर इतके पिवळे ऊन येते की तिथे निळा मनसोक्त वापरता येतो.

चौथे काम : हिमनगाची भिंत

चारही भिंतींवर चित्रे काढण्याचा मोह आवरून एकच भिंत निवडावी. बाळ ज्या कुशीवर वळून बाहेर पाहील त्या बाजूची ती असावी, पाळण्याच्या डोक्याकडची नव्हे; डोक्यामागची भिंत आईबापांना फोटोत दिसते, बाळाला दिसत नाही.

नवख्या हाताला जमेल असे चित्र म्हणजे सपाट माथ्याचा हिमनग. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील बर्फाच्या विस्तीर्ण सपाट थरापासून तुटणारे हिमनग पुष्कळदा टेबलासारखे सपाट असतात, म्हणजे चिकटपट्टी लावून सरळ रेषांत काढता येतात. बर्फ समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडासाच हलका असल्यामुळे हिमनगाचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्याखाली राहतो. त्यामुळे पाण्याची रेषा भिंतीवर बरीच वर घ्यावी. साडेनऊ फुटांच्या भिंतीवर ती जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर चांगली दिसते. तिच्यावर आठ-दहा इंचांचा सपाट माथा आणि खाली जवळजवळ जमिनीपर्यंत उतरत जाणारा, तिरप्या कडांचा मोठा तळ, अशी रचना करावी. यात व्यवहाराचा फायदाही आहे : खालचा भाग गडद निळा झाल्यामुळे पुढे रांगणाऱ्या बाळाच्या हातांचे ठसे, खुर्चीचे ओरखडे आणि अटळ असलेले खडूचे रेघोटे त्यात खपून जातात.

आता प्रत्यक्ष कृती. भिंतीचे खड्डे पुट्टीने भरून, घासून, प्रायमरचा हात द्यावा. संपूर्ण भिंतीला सायीच्या पांढऱ्याचे दोन हात द्यावेत आणि पूर्ण दोन दिवस वाळू द्यावे; येथे घाई केली, तर पुढे पट्टीबरोबर रंगच सोलून निघतो. मग पाणसळ लावून पाण्याची आडवी रेषा पेन्सिलने आखावी. डोळ्याच्या अंदाजाने आखलेली रेषा दहा फुटांत नक्की उतरते आणि समुद्र कलंडलेला दिसतो. रेषेवर आणि हिमनगाच्या कडांवर मास्किंग टेप लावून तिची धार नखाने दाबावी.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात. गडद रंग लावण्याआधी टेपच्या धारेवरून सायीच्या रंगाचाच एक पातळ हात फिरवावा. टेपखाली झिरपायचा तो रंग खालच्याच रंगाचा असल्यामुळे दिसत नाही, फटी बुजतात आणि नंतरचा गडद निळा आत शिरत नाही. तो वाळल्यावर समुद्राचा गडद निळा दोन हातांत लावावा, आणि दुसरा हात किंचित ओला असतानाच टेप तिरपी ओढत सावकाश काढावी. समुद्र वाळला की टेपची दिशा उलटवून हिमनगाचा पाण्याखालचा भाग फिकट निळा करावा. पाण्यावरचा माथा सायीचाच राहू द्यावा. खालच्या भागासाठी धुता येण्याजोगे इमल्शन घ्यावे. किती लिटर लागेल याचे गणित डब्यावर लिहिलेल्या चौरस फुटांवरून करावे आणि दहा टक्के जास्त घ्यावे, कारण मिसळून घेतलेली छटा दुसऱ्यांदा हुबेहूब मिळेलच असे नाही.

माथ्यावर तीन ॲडेली उभे करावेत. एकाची मान वळलेली असावी, नाहीतर तिघे रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे दिसतात. पुठ्ठ्यावर आकृती कापून भिंतीवर गिरवली तर चित्रकला येत नसलेल्यालाही हे जमते.

घर भाड्याचे असेल आणि मालक भिंतीला हात लावू देत नसेल, तर हेच चित्र कापडावर करावे. मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये किंवा आपल्या गावच्या कापडबाजारात जाड कॉटनचे ताके मिळतात. गडद निळ्या कापडावर पांढरे आणि फिकट निळे तुकडे शिवून हिमनग होतो आणि वरच्या शिवणीत लाकडी काठी घालून तो टांगता येतो. घर बदलताना गुंडाळून नेता येतो, हा त्याचा मोठा गुण. काठी मात्र बाळाच्या बिछान्याच्या वर कधीही लावू नये.

पाचवे काम : खऱ्या मापाचे पेंग्विन

माझ्या मते संपूर्ण खोलीतली सर्वांत उपयोगी वस्तू हीच आहे, आणि तिला खर्च जवळजवळ शून्य येतो. दाराशेजारी एक उभी पट्टी मोकळी ठेवून तिच्यावर जमिनीपासून सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि तिथे दोन पेंग्विन खऱ्या उंचीचे काढावेत : सुमारे ७० सेंटिमीटरचा ॲडेली आणि सुमारे ११५ सेंटिमीटरचा एम्परर. जन्मतः बाळाची लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते, वर्षाचे झाले की ती ७५ च्या आसपास जाते. म्हणजे पहिल्या वाढदिवसापर्यंत मूल ॲडेलीला गाठून पुढे जाते, आणि पहिलीत जाण्याच्या सुमारास, सहाव्या वर्षी, एम्पररच्या खांद्याला खांदा लावून उभे राहते. खुणा पक्क्या शाईने कराव्यात आणि शेजारी तारीख लिहावी. रंगारी पुढच्या वेळी येईल तेव्हा या पट्टीला हात लावू नकोस, असे सांगायला विसरू नये. एका घरी तीन वर्षांच्या खुणा एका दुपारीत गेल्या.

सहावे काम : छत आणि टांगायच्या गोष्टी

उत्तर ध्रुवाची खोली असेल तर छतावर ध्रुवतारा हवा. आपल्याकडे पृथ्वीच्या टोकाला ध्रुव म्हणतात ते त्या ताऱ्यावरूनच आणि ध्रुवबाळाची गोष्ट सांगणारी आजी घरात असेल, तर सजावटीचा निम्मा अर्थ ती पुरवते. पुण्यातून पाहिल्यास ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर, म्हणजे बराच खाली दिसतो. प्रत्यक्ष उत्तर ध्रुवावर तो थेट डोक्यावर असतो. तेव्हा छताच्या मध्याजवळ, पंख्याच्या बाजूला, ध्रुवतारा आणि त्याकडे बोट दाखवणारे सप्तर्षी लावावेत. अंधारात चमकणारे स्टिकर यासाठी चालतात, पण काही महिन्यांनी डिंक सुटून ते गळतात, म्हणून ते पाळण्याच्या बरोबर वर नसावेत.

हिमस्फटिक कागदाचे करता येतात. पाण्याचे रेणू बर्फात षटकोनी जाळ्यात बांधले जातात, म्हणून खऱ्या हिमस्फटिकाला सहा बाजू असतात. दुकानातल्या झिरमिळ्यांवर मात्र आठ टोकांचे पुष्कळ दिसतात. गोल कागद अर्धा दुमडावा, त्या अर्ध्याचे तीन सारखे भाग करून दुमडावे आणि मग ते त्रिकोणी पान पुन्हा मधोमध दुमडून कडा कातराव्यात. हे खिडकीच्या काचेवर चिकटवावेत. दोऱ्याने लोंबकळत ठेवले की त्यांवर धूळ बसते आणि पंख्याच्या वाऱ्याने दोरे गुंततात.

पाळण्यावर टांगायच्या चिमणाळ्याची जागा येथे सुरय पक्ष्यांनी घ्यावी. बहुतेक विकतच्या झुंबरांत एक दोष असतो : पक्षी बाजूने पाहणाऱ्या मोठ्या माणसांसाठी बनवलेले असतात आणि खाली निजलेल्या बाळाला त्यांची फक्त कडा दिसते. फेल्टचे पक्षी कापून ते आडवे, पोट खाली करून टांगावेत; डोके काळे, अंग पांढरे आणि चोच लाल. बाळाच्या तोंडावर नव्हे, तर छातीच्या वर, हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर झुंबर असावे. बाळ हातांवर भार देऊन उठू लागले किंवा पाच महिन्यांचे झाले, यांपैकी जे आधी होईल तेव्हा ते काढून ठेवावे, कारण दोरा गळ्याभोवती अडकण्याचा धोका खरा आहे. याच कारणाने पडद्याच्या आणि ब्लाइंडच्या दोऱ्या आखूड करून वर बांधाव्यात.

सातवे काम : बिछाना, आणि त्यात काय ठेवू नये

येथे सजावट थांबते. बाळ वर्षाचे होईपर्यंत त्याच्या झोपण्याच्या जागेत उशी, लोड, कडेच्या गाद्या, जाड पांघरूण आणि मऊ खेळणी काहीही असू नये. गादी घट्ट आणि सपाट असावी, चादर ताणून बसवलेली असावी आणि बाळाला पाठीवर निजवावे. मोठे गुबगुबीत अस्वल कोटमध्ये, म्हणजे बाळाच्या गजांच्या पलंगात, बसवून काढलेले फोटो सुंदर दिसतात, पण ते अस्वल श्वास कोंडू शकते. त्याची जागा कपाटावर आहे. कोटच्या दोन गजांमधले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. खेळणी घेताना आयएसआय चिन्ह पाहावे, जे भारतात १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे.

निदान पहिले सहा महिने बाळाने आईबापांच्याच खोलीत, पण स्वतंत्र पृष्ठभागावर झोपावे असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. आपल्या घरांत बाळाला वेगळ्या खोलीत एकटे निजवण्याची पद्धत मुळातच नाही, त्यामुळे हे पाळणे आपल्याला जड जात नाही. म्हणून ध्रुवीय खोलीत एक दिवाण अवश्य ठेवावा. रात्री पाजणारी आई किंवा सांभाळणारी आजी तिथे आडवी होऊ शकली नाही, तर ती खोली केवळ पाहुण्यांना दाखवण्यापुरती उरते. उत्तरेकडे डोके करून झोपू नये असे घरातले कुणी म्हणणारच. वाद घालू नये. कोटचे डोके पूर्वेला करावे. दोन्ही ध्रुवांच्या भिंती मग बाळाच्या डाव्या-उजव्या हाताला येतात आणि चित्रांच्या दृष्टीनेही तेच सर्वांत चांगले आहे.

बर्फाचा पोत हवा असेल तर तो गोधडीतून आणावा. जुन्या पांढऱ्या आणि निळ्या सुती साड्यांची, ठळक धावदोऱ्याची गोधडी दिवसा जमिनीवर अंथरून बाळाला पोटावर खेळवण्यासाठी उत्तम असते, धुता येते आणि उन्हात लवकर वाळते. लोकरी केसांचा गालिचा धूळ धरतो, आपल्या पावसाळ्यात वाळत नाही आणि सुटलेले केस बाळाच्या मुठीत सापडतात. माझा तो गालिचा शेवटी मांजराला गेला.

मच्छरदाणी तर लागतेच. पांढरी निवडली की हिमवादळाची छटा फुकट मिळते. छत्रीसारखी उघडणारी, कडेने ताठ असलेली घ्यावी. छताच्या हुकाला लोंबणारी झिरझिरीत मच्छरदाणी बाळ ओढून तोंडावर घेऊ शकते.

आठवे काम : उजेड आणि थंडावा

ध्रुवीय खोली म्हटली की दुकानदार निळसर पांढरे दिवे दाखवतो. दिवसाच्या ट्यूबसाठी ते ठीक, पण रात्रीसाठी नको; निळसर प्रकाश झोपेच्या संप्रेरकाला मागे ढकलतो आणि रात्री दोन वाजता पाजून झालेले बाळ टक्क जागे होते. सुमारे २७०० केल्विनचा पिवळसर, मंद दिवा, केशरी शेडसह, दिवाणाजवळ खाली ठेवावा. निळ्या भिंतीवर पडणारा तो प्रकाश बर्फाळ रात्री दूरच्या घरातल्या दिव्यासारखा दिसतो. छतावर हिरवे-निळे मेरुप्रकाश, म्हणजे ध्रुवीय आकाशात दिसणारे रंगीत उजेडाचे पट्टे, फिरवणारी यंत्रे मिळतात. त्यांतल्या काहींत लेसर असतो आणि तो डोळ्यांत जाऊ नये, म्हणून ती घेऊच नयेत. भिंतीच्या वरच्या पट्ट्यात ओल्या स्पंजने हिरव्या रंगाचे उभे, विरत जाणारे फटकारे मारले की मेरुप्रकाश होतो.

बटण सेलवर चालणाऱ्या छोट्या दिव्यांच्या माळांबाबत मी कडक आहे. ते सेल मुलाने गिळले, तर काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते. अशी एकही माळ या खोलीत नको, अगदी उंचावरही नको.

खोली दिसायला थंड असावी, अंगाला नव्हे. सजावटीला शोभेल म्हणून एसी १८ वर ठेवणारे हौशी आईबाप मी पाहिले आहेत. नवजात बाळाला अंगाची ऊब टिकवणे अवघड जाते; एसी २५-२६ अंशांच्या खाली नेऊ नये, झोत बिछान्यावर येऊ देऊ नये आणि बाळाची मान किंवा पाठ हाताने पाहून कपडे कमी-जास्त करावेत. तळहात-तळपाय थोडे गार असणे नेहमीचेच असते, त्यावरून अंदाज बांधू नये. वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी मात्र आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलेच तापमान पाळावे. ओवा-वेखंडाची धुरी या खोलीत करू नये. त्या धुराने सायीची भिंत चार महिन्यांत पिवळी पडते, आणि बाळाच्या फुप्फुसांना तर तो मुळीच मानवत नाही.

बर्फ म्हणून थर्माकोलचे गोळे आणि कापूस वापरण्याची कल्पना जवळजवळ प्रत्येकाला सुचते. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे; ती नसती तरी ते दाणे आणि कापसाचे पुंजके रांगणाऱ्या बाळाच्या तोंडातच जाणार. बाळाच्या पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणाच्या दिवशी काळ्या झबल्यावर पांढऱ्या हलव्याचे दागिने घालून त्याला हिमनगाच्या भिंतीपुढे बसवा. ध्रुवीय रात्रीत बर्फ पडत असल्याचा असा देखावा कोणत्याही कापसाने होणार नाही. हलव्याचे दाणेही घशात अडकू शकतात, म्हणून फोटो होताच दागिने उतरवावेत आणि जमीन झाडून घ्यावी.

शेवटचे काम : जमिनीवर आडवे होणे

सगळे लावून झाले की कोटच्या जागी, बाळाचे डोके जिथे येईल तिथे, स्वतः जमिनीवर पाठीवर पडावे आणि पाच मिनिटे वर पाहावे. दिवा थेट डोळ्यांत येतो का, पंख्याची पाती आणि झुंबर एकमेकांवर येतात का, डावीकडे मान वळवली की पेंग्विन दिसतो की कपाटाची फळी दिसते, हे सारे उभे राहून कधीच कळत नाही. मग उठून टांगलेली प्रत्येक वस्तू हाताने जोरात ओढून पाहावी. जी निघाली ती पक्की बसवावी किंवा काढून टाकावी. कपाट आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला एल आकाराच्या पट्ट्यांनी स्क्रूने बांधावी, आणि खालच्या सॉकेटांना झाकणे बसवावीत. हीच तपासणी बाळ रांगू लागल्यावर, म्हणजे साधारण आठव्या-नवव्या महिन्यात, या वेळी पाठीवर न पडता गुडघ्यांवर चालून पुन्हा करावी. तोवर बाळाची नजर भिंतीवरच्या पेंग्विनवरून उतरून तुमच्या चार्जरच्या वायरवर गेलेली असते.